चौदा एप्रिलची रजा

(रेवस येथे बचत गटांतल्या आणि बंगल्यांवर काम करणाऱ्या बायकांच्या मेळाव्यात एप्रिलच्या सुरुवातीला केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



शेवटच्या लाँचने कारंज्याला जाणाऱ्या बायका इथे आहेत. बोडणीच्या बायकांना होड्या लागायच्या आत बंदरावर पोचायचं आहे. म्हणून लांबण लावत नाही. पुढच्या आठवड्यात चौदा एप्रिल. कॅलेंडरवर लाल आकडा आहे. शाळा बंद, बँक बंद, तहसील कचेरी बंद. मघाशी मी विचारलं, त्या दिवशी कामावर न जाता घरी राहता येईल अशा किती जणी आहेत? आपण बेचाळीस जणी आहोत. हात वर झाले सात. त्यातल्या दोघींनी शेजारणीकडे बघून हात परत खाली घेतला.

आधी माझी एक चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय या विषयावर बोलायचा मला अधिकार नाही. दहा-अकरा वर्षांपूर्वी मी नुकतीच एम.एस.डब्ल्यू. होऊन एका संस्थेत लागले होते. बचत गटांचं हिशेबाचं प्रशिक्षण घ्यायचं होतं. तारीख मी काढली, चौदा एप्रिल. का, तर सुट्टी आहे, बायका मोकळ्या असतील. सुट्टीच्या दिवशी बायका मोकळ्या असतात हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं होतं कोण जाणे. प्रशिक्षणाला बौद्धवाडीतल्या सहा जणी आल्या नाहीत. गैरहजेरीला पाच रुपये दंड हा गटाचा नियम. पुढच्या मीटिंगला मी सहाही नावांपुढे दंड मांडला. त्यांच्यातल्या सगळ्यांत मोठ्या बाईंनी कनवटीचे पाच रुपये काढून सतरंजीवर ठेवले आणि म्हणाल्या, "पैसे घ्या ताई, नियम तो नियम. पण कारणाचा रकाना रिकामा ठेवू नका." मी विचारलं, "काय कारण लिहू?" कुणी बोलेना. मग त्याच म्हणाल्या, "तुम्ही एवढं शिकलात ना?"

रकाना भरला. दंड परत केला. पण तो प्रश्न काही परत घेता आला नाही. ती वही अजून माझ्याकडे आहे.

मी काही परदेशातून आले नव्हते. मी इथलीच, आगऱ्याची मुलगी. आमच्या घरात चौदा एप्रिलला 'त्यांची जयंती' म्हणत. वाडीतून भीमगीतांचा आवाज यायचा, आई खिडकी लावून घ्यायची, मुलांच्या अभ्यासाच्या नावाखाली. आणि हेच घर चरीच्या संपाच्या गोष्टी अभिमानाने सांगणारं. आपल्या अलिबाग तालुक्यातलं चरी. १९३३ साली कुळांनी खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत असं ठरवलं आणि १९३९ पर्यंत तो संप चालला. शेतं पडीक, घरात दाणा नाही. बायकांनी लाकडं विकली, करवंदं विकली आणि पोरं जगवली. नारायण नागू पाटलांचं नाव आमच्याकडे देवासारखं घेतात. पण १९३४ साली चरीच्या शेतकरी परिषदेला बाबासाहेब आंबेडकर आले होते, हे मला घरात कुणी सांगितलं नाही. १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती बंद करण्याचं बिल त्यांनी मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी त्यासाठी मुंबईत मोर्चाने गेले. तेही नाही सांगितलं. कुळाची जमीन आमच्या नावावर झाली, सातबारा आमच्याकडे आला, आणि ज्याने खोताविरुद्ध बिल मांडलं त्याची जयंती मात्र 'त्यांची' राहिली. यात आमचं अज्ञान किती आणि जात किती, हा हिशेब मी माझ्यापुरता केलेला आहे. तुम्ही तुमच्या घरी करा.

पुढच्या वर्षी मी वाडीत जयंतीला गेले. तेराच्या रात्रीच. मुंबईकर मंडळी संध्याकाळच्या लाँचने आलेली. विहाराला नवा चुना, रस्त्यावर निळ्या पताका, पंचशील ध्वज, बाराच्या ठोक्याला मेणबत्त्या आणि वंदना. लहान मुलींनी पांढरे फ्रॉक घातले होते. एक आजी पुतळ्यासमोर बसून नातवाला सांगत होत्या की आपल्या घरात पहिलं पुस्तक कुणी आणलं, आणि ते कुणामुळे. मी बऱ्याच जयंत्या बघितल्या आहेत, शिवजयंती, गांधीजयंती, सरकारी कार्यालयातली हार-नारळवाली. इतक्या माणसांनी स्वतःच्या पदरचे पैसे घालून, सरकारने सांगितलेलं नसताना, इतक्या मनापासून केलेला दिवस मी दुसरा पाहिलेला नाही.

सकाळ झाली तसं दुसरंही दिसायला लागलं. बायका पहाटे चारला उठलेल्या. दोनशे माणसांच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी, खीर. वर्गणी घरोघर फिरून गोळा केली महिला मंडळाने. पावती पुस्तकावर सही मात्र मंडळाच्या सेक्रेटरीची. स्टेजवर सात खुर्च्या. महिला मंडळाच्या अध्यक्षांची खुर्ची शेवटची, तीही रिकामी, कारण पाहुण्यांचा चहा त्याच बघत होत्या. मुंबईहून आलेले वक्ते हिंदू कोड बिलावर बोलायला उभे राहिले. चांगले बोलत होते. बाईला वारसा, घटस्फोट, दत्तक यांचे हक्क मिळावेत म्हणून बाबासाहेब किती झगडले, बिल अडवलं गेलं आणि १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यात हे एक मोठं कारण होतं, असं सांगत होते. तेवढ्यात सूत्रसंचालकाने चिठ्ठी वाचली, "महिला भगिनींना विनंती आहे, की भाषणं चालू असतानाच भोजनाची तयारी करून घ्यावी." आणि भगिनी उठल्या की! मांडवाची अर्धी बाजू रिकामी झाली. हिंदू कोड बिल ऐकायला पुरुष उरले.

हे मी बाहेरची म्हणून नावं ठेवायला सांगत नाही. आमच्या आगरी समाजाच्या कार्यक्रमात बायकांसाठी शेवटची खुर्चीसुद्धा नसते. त्या वाडीतल्या बायकांनी स्वतःच पुढच्या वर्षी विषय काढला. भांडण झालं, दोन मीटिंगा मोडल्या. शेवटी ठरलं की जेवण पुरुष करतील. भात करपला. आम्ही सगळ्यांनी तो करपलेला भात खाल्ला आणि कुणी तक्रार केली नाही. तेव्हापासून दरवर्षी आलटून पालटून चालतं. एखाद्या वर्षी मागे जातं, परत भांडावं लागतं. डीजेवरून तर अजून भांडण चालूच आहे.

पण त्या मांडवात ज्या बायका मुळात नव्हत्याच, त्यांच्याविषयी आज मला बोलायचं आहे.

मांडवा, सासवणे, आवास, झिराड, किहीम. सगळा पट्टा बंगल्यांचा झाला. पूर्वी मुंबईची माणसं लाँचने यायची, उन्हाळ्यात, मे महिन्यात. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट आली, आता गाडीसकट माणूस तासाभरात उतरतो. चौदा एप्रिल शुक्रवारी नाहीतर सोमवारी आली, की शनिवार-रविवार जोडून मोठी सुट्टी. बंगले भरतात. चादरी बदला, मासळी साफ करा, पन्नास पोळ्या लाटा. आपल्यातल्या एकीने चौदा तारखेची रजा मागितली, तर तिची भाभी म्हणाली, "अगं, सुट्टी आहे म्हणूनच तर आम्ही येतोय." तिचं काही चुकलं असं तिला वाटलंच नाही. बाबासाहेबांच्या नावाच्या सुट्टीत बाबासाहेबांच्या लेकी दुप्पट राबतात, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट जरा कठीण आहे. जिची आहे तिला विचारून सांगते, नाव सांगत नाही. ती सहा वर्षं एका बंगल्यावर स्वयंपाकाला होती. आडनाव असं, की मराठ्यांतही असतं. कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. हाताला चव, मॅडम खूश. दरवर्षी चौदा एप्रिलला ती नणंदेचं बाळंतपण सांगून रजा काढायची. सहा वर्षांत त्या नणंदेला सहा बाळंतपणं झाली. (हसू नका, तुम्हीही हेच करता.) सातव्या वर्षी मुलगी म्हणाली, आई, खोटं कशाला सांगतेस? म्हणून तिने खरं सांगितलं. मॅडमनी लगेच रजा दिली. वर म्हणाल्या, "असं का, तुमच्यात असते का जयंती? जा ना, जा." पंधरा तारखेला ती कामावर गेली तर स्वयंपाकघरात दुसरी बाई. हिला सांगितलं, आता तू अंगण, बाथरूम आणि कपडे बघ. पगार तोच.

पगार तोच, त्यामुळे तक्रार कशाची करणार? जातीचा शब्द कुणी उच्चारला नाही. अस्पृश्यता घटनेने बंद केली. १९५५ चा कायदा आहे, १९७६ पासून त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. पण 'उद्यापासून पोळ्या तू करू नकोस' एवढ्या वाक्यावर पोलीस काय लिहून घेणार? ती मला म्हणाली, "ताई, रजेच्या कागदावर माझी जात लिहिलेली असते. तुमच्या आगरी बायांनी गणपतीची रजा काढली तर कुणाचं काय उघडं पडतं?"

यासाठी महाडची आठवण काढायला हवी. महाड आपल्याच जिल्ह्यातलं, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातलं. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यायले, हे सगळ्यांना पाठ आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ मध्येच केला होता, महाड नगरपालिकेनेही पुढच्या वर्षी तळं खुलं केलं होतं. कागदावर. म्हणजे हक्क होता, पण वापरायला गेलं की लाठी बसत होती. सुट्टीचं तसंच आहे, लाठी तेवढी दिसत नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद भरली. मुंबईहून महाडला जायचा सोपा रस्ता आपल्या दारावरचा, या रेवसच्या खाडीतून धरमतरला बोटीने आणि तिथून मोटारीने. पण मोटारवाल्यांनी बहिष्कार टाकला तर माणसं मध्येच अडकतील म्हणून बाबासाहेबांनी तो रस्ता घेतला नाही. दोनशेवर माणसं घेऊन 'पद्मावती' बोटीने लांबच्या दासगाव बंदरात उतरले, तिथून महाड पाच मैल, पायी जाता येईल एवढं. मी रेवसच्या धक्क्यावर उभी राहिले, की मला हे आठवतं. ते आपल्या खाडीत का वळले नाहीत, हासुद्धा आपल्या भागाचा इतिहास आहे. २५ डिसेंबरच्या रात्री तिथे मनुस्मृती जाळली. १९९६ साली चंद्रपूरच्या दलित महिला परिषदेपासून तो दिवस भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळायची मागणी झाली, आणि आपल्या चळवळीतल्या बायका आता महाडला जातात. आपण इथून किती जणी जातो? नाताळ म्हणजे बंगल्यांचा सगळ्यांत मोठा हंगाम. एकशेवीस किलोमीटरवरचं महाड आपल्याला दिल्लीइतकं लांब.

त्या परिषदेनंतर बाबासाहेब महाडलाच बायकांशी वेगळं बोलले. अस्पृश्य म्हणून लांबून ओळखू याल अशा खुणा टाकून द्या, लुगडं इतर बायकांसारखं घोट्यापर्यंत नेसा, ते जाड कथलाचे दागिने नकोत, मुलींना शिकवा, असा त्या बोलण्याचा आशय. बायकांनी तिथल्या तिथे नेसण बदललं. ते कसं नेसायचं हे दाखवायला टिपणीस आणि चित्रे यांच्या घरच्या, म्हणजे सवर्णांतल्या बायका पुढे आल्या होत्या. मला या प्रसंगातला हा तपशील फार मोलाचा वाटतो. लुगडं दलित बायकांनी बदललं, निर्णय त्यांचा. पण सगळ्या बायका एकसारख्या नेसल्या तरच खूण पुसली जाणार होती.

आता माझं म्हणणं सांगते. या वर्षी चौदा एप्रिलची रजा आपण साऱ्याजणींनी मागायची. बौद्ध, आगरी, कोळी, भंडारी, कातकरी, सगळ्यांनी. कारण एकच लिहायचं, खरं लिहायचं. बंगल्यावर कामाला असलेल्या चारही बायका त्याच कारणाने रजा मागतात असं दिसलं, की मॅडमना चौघींतली कोण 'ती' हे कळणार नाही. कळायचं कारणही नाही.

आणि ही रजा आगरणीने का मागावी, तर खोतीचं मी मघाशी सांगितलंच. शिवाय बाळंतपणाची रजा. १९२८ साली मुंबई कौन्सिलात कामगार बायकांना बाळंतपणात पगारी रजा द्यावी या बिलाच्या बाजूने बाबासाहेब बोलले, १९२९ साली तो कायदा झाला. पुढे १९४२ ते ४६ ते दिल्लीत मजूर खातं बघत होते. १९४५ मध्ये कारखान्यातल्या कामगारांना वर्षाला दहा दिवस भरपगारी रजा देणारी दुरुस्ती त्यांच्या हातून झाली. पगारी रजा ही वस्तूच या देशातल्या कामगाराला मिळवून देणाऱ्यांत त्यांचं नाव आहे. त्यांच्या वाढदिवसाला बिनपगारी खाडा मांडला जातो, तोही खोटं कारण सांगून.

कायदा काय म्हणतो, हे मी तपासलं आहे. दुकानं, हॉटेलं, रिसॉर्ट यांच्यासाठी महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे. ठरावीक संख्येच्या वर माणसं कामाला असतील तिथे वर्षाला आठ पगारी सुट्ट्या. त्यांतल्या चार पक्क्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. चौदा एप्रिल पक्क्या चारांत नाही, म्हणजे मागितली तर मिळेल. रिसॉर्टवाल्या बायकांनी हे लिहून घ्या. बंगल्यावरच्या बायकांसाठी २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, त्यात नोंदणी आहे, मदतीच्या योजना आहेत, पण आठवड्याची सुट्टी नाही आणि सणाचीही नाही. तिथे आपल्याला बोलूनच मिळवावं लागणार.

बोलून मिळतं का? अमेरिकेत काळ्या लोकांच्या नागरी हक्कांसाठी लढलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची सुट्टी आहे, जानेवारीतला तिसरा सोमवार. त्यांचा खून झाला १९६८ मध्ये, कचरा उचलणाऱ्या कामगारांच्या संपाला ते मेंफिसला गेले असताना. सुट्टीचा कायदा झाला १९८३ मध्ये, पहिली सुट्टी मिळाली १९८६ मध्ये. पण त्याच्या कितीतरी आधी तिथल्या काही कामगार संघटनांनी ती आपल्या करारात मागून घेतली होती. सरकारने दिली ती नंतर.

मागच्या वर्षी आपण थोड्या प्रमाणात करून बघितलं. नऊ जणींनी मिळून रजा मागितली. सात जणींना मिळाली, पगारासकट. एकीचा पगार कापला. एकीला सांगितलं, परत येऊ नकोस. तिच्यासाठी आपण दोन महिने गटातून धान्य दिलं, त्यापलीकडे काही करू शकलो नाही, हे मी लपवत नाही. तिला दुसरं काम मिळालं ते तिने स्वतः शोधलं. म्हणून या वर्षी नऊ पुरत नाहीत.

काल मीटिंगमध्ये वाडीतली कॉलेजात जाणारी एक मुलगी मला म्हणाली, "तुम्ही एक दिवस आमच्या नावावर सुट्टी घ्याल आणि घरी झोपाल. आमच्या मांडवात जेवायला याल का?" तिचा राग बरोबर आहे. मागच्या वर्षी आमच्या काही आगरी बायका मांडवात आल्या, फुलं वाहिली, भाषण ऐकलं आणि पंगत बसायच्या वेळेला तिघींना उपास निघाला. एकाच दिवशी तिघींना. मी तेव्हा काही बोलले नाही, हीसुद्धा माझी चूकच. या वर्षी उपास असलेल्यांनी पंगतीला वाढायला थांबावं. पाणी तिथलंच प्यावं.

वाडीतल्या काही भावांचंही म्हणणं आलं आहे, की आमच्या दिवसात या बाकीच्या बायका शिरल्या तर उद्या दिवस आमचा राहणार नाही. ही भीती मी उडवून लावणार नाही. बाबासाहेबांना हार घालून गप्प बसवण्याचं काम मोठमोठ्या लोकांनी केलं आहे. त्यामुळे कार्यक्रम वाडीचाच, स्टेज वाडीतल्या बायकांचं. आपण मांडवात खाली बसायचं आणि ऐकायचं. भाषण चालू असताना कुणी उठायचं नाही. जेवणाचं यंदा कुणी बघायचं, ते वाडीच्या मीटिंगमध्ये ठरलेलं आहे आणि भाताचीही तालीम झालेली आहे असं कळतं.

अर्ज तयार आहे. शाळेच्या व्हरांड्यात टेबलावर ठेवला आहे. वरती मालकाचं नाव, मध्ये तारीख, खाली कारण. कारणाचा रकाना छापून घेतला आहे, तिथे 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती' एवढंच आहे, नणंद नाही आणि बाळंतपणही नाही. दोन प्रती करायच्या, एक मालकाला, एक आपल्या फाइलीला. सही नसेल येत तर अंगठा चालेल, पण दोघी जणी शेजारी बसून सही शिकवायला तयार आहेत. अर्ज प्रत्येकीने एकटीने द्यायचा नाही, एका बंगल्यावरच्या सगळ्यांनी एकदम द्यायचा, आणि दहा तारखेच्या आत. कुणाला नकार आला तर त्याच संध्याकाळी कळवा. ज्यांना लाँच गाठायची आहे त्यांनी आधी रांगेत उभं राहा, बाकीच्यांनी त्यांना वाट द्या.